छातीवरचे तीन चरे

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी आधी विचारतो, गुडघे कसे आहेत? तुमच्या आईंचा खोकला? आपल्या मोठ्या डॉक्टरांची साखर? आमची हीसुद्धा तिथे भेटली असेल, तिचा दमा बसला का? माझं म्हणाल तर काळीजच रेंगाळायला लागलं होतं. कट्टा गावच्या स्टँडवर एसटीतून उतरलो आणि तिथेच आडवा झालो. पेसमेकर बसवायचा ठरला, तोही आपल्याकडच्या छोट्याशा इस्पितळात. बाहेरून एक डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात.

दाखल व्हायच्या सकाळी मी घरीच आरशासमोर छाती साफ केली. साबणाचा फेस, नवं ब्लेड, तुम्ही शिकवलंत तसं. मी इस्पितळात झाडू मारायला लागलो तेव्हा तुम्ही ऑपरेशन थिएटरच्या हेडसिस्टर; पेशंटचे केस काढायला तुम्हीच माझ्या हाती वस्तरा दिलात आणि बजावलंत, "एक जरी केस दिसलो, तर तुजी मिशी भादरीन." नोकरीभर मिशी शाबूत राहिली. या खेपेला मात्र ब्लेड घसरलं आणि छातीवर तीन चरे उमटले.

थिएटरमधली सिस्टर माझ्या नातीच्या वयाची. ती गाऊन बाजूला करते आणि थबकते. "आजोबानू, ह्या ब्लेड कोणी फिरवल्यान?" मग डॉक्टरांकडे वळून शांतपणे सांगते, आज नको. डॉक्टर माझी नाडी बघतात, घड्याळ बघतात. थांबावं तर काळीज कधी दगा देईल नेम नाही. ती हटत नाही. या चऱ्यांतून जंतू शिरले तर पेसमेकरच्या डबीभोवती पू धरेल, तिच्या तारेवरून थेट काळजात उतरेल, मग सगळं उपसून काढायची सोय इथे नाही. आता ब्लेड लावतच नाहीत म्हणे, गरज पडली तर मशीनने केस कातरतात. डॉक्टरांनी हातमोजे उतरवले. आठवडाभर मी वॉर्डात मॉनिटरला बांधलेला, आणि ती येता-जाता पडद्यावर नजर टाकून जायची.

पुढच्या खेपेला चरे भरले होते. सुरी लावण्याआधी शिरेतून जंतूंवरचं औषध दिलं, छाती पुन्हापुन्हा धुतली. मग पडद्यावर माझंच काळीज हलताना दिसलं आणि त्यात उतरणारी बारीक तार. बाई, जन्म थिएटरात गेला, पण असं काही पाहिलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले, पण हलायची बंदी होती.

नंतर ड्रेसिंग बघताना तिने सहज विचारलं, "तुमका तसा ब्लेड मारूक कोणी शिकवल्यान?" मी म्हटलं, "कोणी नाय गो. माकाच सुचला."

खोटं बोललो. तिच्यापुढे तुम्हाला कमीपणा नको म्हणून, असं स्वतःला सांगतो. पण चऱ्यांतून जंतू शिरतात हे तुम्हाला तेव्हा कळलं असतं तर तुम्हीच पहिल्या दिवशी वस्तरा फेकला असतात. इतक्या वर्षांत किती जणांच्या अंगावर मी असे चरे ओढले असतील, ते तिने विचारू नये, म्हणूनच बहुधा मी तसं सांगितलं. सोमवारी टाके दाखवायला जायचंय. त्याआधी दोन ओळी धाडा, तिला काय सांगू?