हंगामी चीफ सर्जन

कोल्हापूर, सोमवार, १ मार्च १९०९
आजपासून इस्पितळ माझ्या हातात. चीफ सर्जन डॉ. इनामदार तीन महिने रजेवर, पुण्याला मुलीकडे. माणूस भला, पण लीडर नव्हे. भर ऑपरेशनमध्ये नर्सला "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतात. मुंबईत चार वर्षांत असा सर्जन पाहिला नाही. तीन महिन्यांत टीमला अशी शिस्त लावीन की इस्पितळाची कमिटी मलाच कायम करील.

४ मार्च
टीम म्हणजे दोघं. कंपाउंडर ख्वाजा क्लोरोफॉर्म देतो. तानाबाई पूर्वी सुईण होती, डॉक्टरांनी शिकवून नर्स केली. हत्यारं, रक्त टिपायचे स्पंज तिच्याकडे. दोघांना तासभर लेक्चर दिलं. सर्जन हा जहाजाचा कॅप्टन. ख्वाजानं विचारलं, पंचगंगेत जहाज कुठनं यायचं? दुर्लक्ष केलं. ऑर्डर काढली : ऑपरेशन चालू असता मी विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही.

९ मार्च
हर्नियाचं ऑपरेशन. संपूर्ण शांतता. मध्येच पेशंट निळा पडू लागला. ख्वाजा नुसता डोळे मोठे करून बघत राहिला. माझ्या लक्षात आलंच, जरा उशिरा. पेशंट वाचला. सिस्टिम उत्तम चालते.

१७ मार्च
हुपरीचे शांतिनाथ बायकोला बैलगाडीतून घेऊन आले. चांदीचे पैंजण घडवतात. पद्मावतीबाईंच्या पोटात नारळाएवढी गाठ. मोठ्या डॉक्टरांच्या नावावर आले होते. आता मोठा मीच, असं सांगितलं. तरी व्हरांड्यात तानाबाईला जाऊन विचारलं, यांच्या हातनं करून घेऊ का. तिनं काय सांगितलं कळलं नाही. विचारणं मला शोभत नाही.

२० मार्च
ऑपरेशन एक तास दहा मिनिटांत. गाठ अख्खी निघाली. टाके घालताना तानाबाईनं बोट वर केलं. मी विचारलं नाही. पुन्हा केलं. मग सरळ बोललीच : "साहेब, बारा स्पंज दिल्यात, अकराच आल्यात. एक आत हाय." तेही मोठ्यानं. तिला बाहेर घालवलं. मोजदाद हे कारकुनाचं काम, पोट मी स्वतः पाहिलं होतं. ख्वाजा मान खाली घालून उभा. टाके पूर्ण केले.

२३ मार्च
पद्मावतीबाईंना ताप, एकशे एक. हवा बदलली आहे.

२५ मार्च
एकशे तीन. पोट फुगलंय. नवऱ्यानं चोरून काही खायला घातलं असणार. फैलावर घेतला. म्हणाला, ऑपरेशनच्या दिवसापास्नं मीच अन्न सोडलंय, तिला कुठलं घालू?

२६ मार्च
तानाबाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पाव तास. मी विचारलं नाही, ती बोलली नाही. शिस्त अंगात मुरली म्हणायची.

२७ मार्च
फितुरी. ख्वाजानं परस्पर पुण्याला तार केली. डॉक्टर निघालेत. त्याला नोकरीवरून काढतो म्हटलं. म्हणाला, काढा की साहेब, पन बाईचं पोट आदी उघडा. उघडलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं. उद्यापर्यंत थांबायचं ठरवलं.

२८ मार्च
डॉक्टर स्टेशनवरून टांग्यानं थेट ऑपरेशन हॉलमध्ये. मला पेशंटच्या पायांशी उभं केलं. पोट उघडलं. स्पंज निघाला. वास अजून नाकात आहे. टाके घालण्याआधी त्यांनी तानाबाईकडे पाहिलं. तिनं स्पंज एकेक करून मोठ्यानं मोजले. फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

३० मार्च
पद्मावतीबाई सकाळी गेल्या.
ताप आधीपासूनच अंगात असावा, असं कमिटीच्या रिपोर्टात घालता येईल.
दुपारी शांतिनाथ गाडी घेऊन आले. तानाबाईला, ख्वाजाला हात जोडले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. विचारलं, नर्सबाईंनी त्या दिवशी सांगितलं व्हतं न्हवं तुम्हाला?
मी म्हणालो, कामाच्या गडबडीत माणसाला ऐकू येत नाही.
ते म्हणाले, "मी दाराभाईर बसलो व्हतो. मला ऐकू आलं की."
आवाज चढवला नाही. गाडीत बायकोजवळ जाऊन बसले.
ख्वाजा आणि तानाबाई गाडीबरोबर फाटकापर्यंत गेले. मी व्हरांड्यातच थांबलो.