बेंबीभोवतीच्या चौदा सुया

७ जानेवारी १९७४, सोमवार

आजपासून मी रोजनिशी लिहिणार. म्हणजे सांगणार मी, लिहिणार माझी सून नजीरा. मला अक्षर येत नाही आणि तिला सासूला गप्प बसवता येत नाही, म्हणून ही तोड. ती मास्तरीण, त्यामुळे माझी बोली धुऊन, पिळून मग कागदावर वाळत घालते. मी ‘न्हाय’ म्हटलं की तिथं ‘नाही’ उमटतं. असू दे. इमामबी कागदावर तरी शहाणी दिसेल.

सकाळच्या एसटीने शिरोळहून आले. मंगळवार पेठेतल्या ह्या घरात पहिल्यांदाच राहायला आलेय. रशीद, माझा लेक, उसाच्या पंपांच्या जळक्या मोटारींत पुन्हा वार्निशची तार भरून देतो. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार, आणि चहालासुद्धा वार्निशचा वास. खिडकीजवळची खाट मला दिली. मजा आहे.

परवा पोटरीला कुत्रं चावलं, म्हणून ही मजा. दवाखान्यात रोज एक सुई, बेंबीभोवती, चौदा दिवस. डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं कुणाचं? ओळखीचं असेल तर दहा दिवस लक्ष ठेवा, धडधाकट राहिलं तर सुया बंद. मी सांगितलं, भटकं होतं, पळालं. मग चौदा पुऱ्या. पहिली घेताना मी ओरडले नाही. कंपाउंडर ओरडला, त्याचं मनगट माझ्या मुठीत होतं.

१० जानेवारी

चौथी. औषध कशाचं, म्हणून विचारलं. मेंढीच्या मेंदूचं, म्हणे. रशीदला म्हटलं, ईदला आपण भेजा तव्यावर परततो, हे लोक सरळ पोटात घालतात, ना मीठ ना मसाला.

रशीद दुकानात गेल्यावर नजीराला लेकराची शपथ घातली आणि खरं सांगितलं. लिही, पण नवऱ्याला बोलू नकोस. कुत्रं भटकं नव्हतं. आमचा खंड्याच. गावातल्या आकारामच्या गुऱ्हाळावरून धुक्यात घरी परत येत होते. गारठा म्हणून त्याने एका धनगराची घोंगडी दिली, ती डोक्यावरून घेतलेली. खंड्याला मेंढीचा वास आला, मी काही दिसले नाही. दारातच धरलं. मग माझी शिवी ऐकली आणि पायाशी लोळायला लागला. आठ वर्षं राखण केली बिचाऱ्याने.

दोन वर्षांमागं आमच्या गल्लीत असंच एक कुत्रं चावलं, तर माणसांनी दहा दिवस कुठले, दहा मिनिटं वाट बघितली नाही. काठ्यांनी ठेचलं. रशीद तापट. खंड्याला आकाराम भाकरी घालतोय. चौदा सुयांनी म्हातारी मरत नाही.

१४ जानेवारी

आठवी. संक्रांत म्हणून शेजारच्या चिमणाबाईंनी तिळगूळ दिला, तो हातातून पडला. त्या म्हणाल्या, आजी, गोड बोलायचं टाळताय होय! सगळे हसले. मीही. पण तळव्यांत मुंग्या आहेत, आणि कपाळ तापलंय.

नजीरा म्हणते, अम्मा, सांगून टाका. उद्या दहा दिवस भरतात. तिने आकारामला कार्ड टाकलंय. त्याचं उत्तर आलं की सांगते.

१६ जानेवारी

दहावी. पाय उचलेना. रशीदने उचलून नेलं. नजीरा शाळेत.

डॉक्टर सुई हातात धरून उभेच राहिले. म्हणाले, मेंढीचा मेंदू आत गेला, अंगातल्या राखणदारांनी त्याला वैरी ठरवलं. आता तुमचा मेंदूही त्यांना तसाच दिसतोय. त्यावरच धावून जातायत. सूज आहे. रशीद म्हणाला, तारेवरचं वार्निश खरवडलं की मोटार अशीच आतून जळते. मी मनात म्हटलं, ह्या राखणदारांनाही घोंगडीचाच वास आला.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. कुत्रं नक्की भटकं? जिवंत असेल तर आज थांबवतो. नसेल तर थांबवायची मला भीती वाटते.

मी तोंड उघडलं. खंड्या म्हणायचं होतं. ‘मेंढी’ आलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा मेंढी. रशीद हसला. मग हसला नाही.

सुई दिली.

१७ जानेवारी

नजीराने शपथ मोडली. रशीदने काठी घेतली नाही. खाली बसला. म्हणाला, अम्मा, मला एवढा कसाई समजलीस? शिरोळला गेलाय.

सुया बंद. पण आतले थांबत नाहीत — त्यांना कोण सांगणार —

१८

नजीरा वाचून दाखवते. हे मी बोलले नाही. ती म्हणते, तुम्हीच, अम्मा, आत्ताच. मग माझ्या तोंडातून कोण —

धुऊ नगंस आता. येतंय तसं लिही. पाय हाय का बघ. मला कळंना —

१९

कुणीतरी बाप्या आलाय. रडतोय. अम्मा म्हणतोय. संगं कुत्रं. म्हणतोय, बघ, धडधाकट हाय की.

कुत्रं शेपूट हलवतंय. माझ्या पायावर तोंड ठेवलंय. पाय कळंना. कुणाचं हाय हे? माझं न्हाय. चावंल ते. काठी आणा. ठेचा म्हणते ना —

कुणी उठंना.

आन ही बाई कोण? मघापासनं माझ्या उशाला बसून काय लिवतीया? पदरानं डोळं पुसतीया. जवळ येतीया. हिला मेंढीचा वास — धरा तिला — माझ्या घरात ही —