हवाई एक, रस्ता एक, सागरी पाच

५ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यात आधी मरियम्बू आली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची, तेव्हाच कळलं बातमी मोठी आहे. म्हणाली, सनफा, सरकारची दोन माणसं बोटीतून उतरलीत, एक पोरगी आणि एक उंच बाप्या, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतायत कुठून आलात, कशाने आलात, कशाला आलात. बाप्या वाटेत तीनदा ओकलाय, त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही.

तेवढ्यात ती दोघं माझ्याच दारात. मरियम्बूचं घर आधी लागतं, ते ओलांडून आली. पोरगी म्हणाली, आजी, प्रत्येक दहावं घर निवडलंय. मरियम्बूचं नववं. मरियम्बूने बोटं धरून घरं पुन्हा मोजली. दहावं वगैरे म्हणायची पद्धत असते. माणसं चौकशी करूनच येतात.

पोरीचं नाव हुस्ना. चष्मा, नखं कुरतडलेली, पण चहा बशीत न सांडता प्यायली. तिचं काम असं की लोक कशाने ये-जा करतात आणि ते कसं बदलतंय ते मोजायचं. आधी शिडाची होडी, मग इंजिनाची, मग स्पीडबोट, आता विमान. आमच्या बेटावर म्हणे चौसष्ट मोटरसायकली झाल्या. अख्ख्या बेटाला पायी फेरी मारायला पंचवीस मिनिटं लागतात, माझे गुडघे धरून. हुस्नाने विचारलं, आजी, गेल्या वर्षी बेटाबाहेर किती फेऱ्या झाल्या? मी म्हटलं, मोजल्या नाहीत ग, चालूच असतं. मरियम्बूला ठसका लागला. सुपारी चावताना बोलणं ऐकू नये.

फॉर्म देऊन गेली. तीन रकाने: हवाई, रस्ता, सागरी. महिनाभर रोज लिहायचं. ७ मार्चला न्यायला येणार. आणि ही वही माझ्या लेकीच्या, शीझाच्या शाळेतली, मागची पानं कोरी होती. फॉर्म सरकारचा, वही माझी. गुरुजींच्या ओट्यावर तीन वर्षं अक्षरं गिरवली ती वाया गेली नाहीत.

तिन्ही रकाने भरणार. कारण जायचंच आहे. माझ्या शीझाला लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर दिवस गेलेत. मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आहे. इथे बाळंतपणं होत नाहीत, सगळ्या राजधानीला, मालेलाच जातात, आणि त्यांच्या आया सोबत जातात. शीझा तिथेच राहते, म्हणजे तिचं अर्धं काम आधीच झालंय. आईने पोचायचं तेवढं राहिलंय.

८ फेब्रुवारी, बुधवार

शीझाचा फोन. आई, कधी येतेस? म्हटलं, शनिवारी. इल्यासची स्पीडबोट शनिवार, सोमवार, बुधवार जाते. साडेतीन तासांत माले. ठरलं.

आजच्या बोटीने रिहाकुरूची बरणी पुढे पाठवली. माशाचं पाणी दोन दिवस आटवलं तेव्हा कुठे एक बरणी होते. सामान आधी गेलेलं बरं, मग माणूस मोकळ्या हाताने जातं. फॉर्मवर लिहिलं: सागरी, एक.

११ फेब्रुवारी, शनिवार

गेले नाही. समुद्र खवळलेला.

इल्यास म्हणाला, आजी, आज पाणी इतकं शांत आहे की त्यावर दिवा ठेवला तर विझणार नाही. इल्यास चांगला पोरगा आहे, पण चौतीस वर्षांचं वय म्हणजे डोळे कोवळे. खडकाच्या पलीकडे पांढरी रेघ होती. ज्याला दिसते त्याला दिसते.

सुकवलेला मासा पाठवला. सागरी, दोन. सोमवारी जाईन.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

काल गेले नाही. उशी शिवायची राहिली होती, बाळाची. ती शिवून बोट सुटता सुटता इल्यासच्या हातात दिली. सागरी, तीन. मोठीच जागा अडवली असेल, कारण सावरीचा कापूस मी कमी भरत नाही.

आता विचार केला, बोटीचं खूळ सोडावं. जग कुठे चाललंय ते बघावं. शेजारच्या बेटावर एअरपोर्ट झालाय त्याला दोन वर्षं झाली, आणि मी अजून जुन्या बायांसारखी बोटीचं घेऊन बसले. विमानाने जाईन. चाळीस मिनिटं. इल्यासला सांगितलं तर म्हणाला, आजी, एअरपोर्टच्या बेटावर जायला बोटच लागते. म्हटलं, मला माहीत आहे. माहीत होतं. पण हे सरकारचं चुकलंच, विमानतळ अशा जागी बांधायचा का, जिथे आधी बोटीत बसावं लागतं? हुस्ना आली की तिला सांगणार आहे. असल्याच सूचनांसाठी त्यांनी माझं घर निवडलं.

हेडमास्तरांची बायको उद्या विमानाने चालली आहे. तिच्याकडे निरफणसाचे काप दिले. पिशवी माझी, काप माझे, तळताना पोळलेलं बोट माझं. हवाई, एक.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

सराव केला. मरियम्बूच्या नातसुनेच्या मोटरसायकलवर मागे बसून बंदरापर्यंत. अंतर दोनशे पावलांचं. वारा कानात शिरतो, आणि दोन्हीकडची माणसं तुम्हाला ओळखायच्या आत मागे जातात, हे मला आवडलं नाही. उतरताना पोटरी धुराच्या नळीला लागून भाजली.

रस्ता, एक.

हेल्थ सेंटरातल्या बाईने मलम दिलं. प्रवास करू नका असं तिने म्हटलं नाही, पण तोंडावरून कळत होतं. भाजलेल्याला खारं पाणी चालत नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज बोटीत बसले.

हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण मरियम्बू उद्या वेगळं सांगेल. दुसऱ्या रांगेत, खिडकीशी, मांडीवर पिशवी. लाइफ जॅकेटही घातलं. नारिंगी रंग मला शोभतो असं इल्यास म्हणाला. बोटीत शाळेची दोन पोरं, एक पोटऱ्या सुजलेला म्हातारा, शिवाय रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्या मुली. इंजिन सुरू झालं. खालची फळी थरथरायला लागली. तेव्हा मला कोंबड्या आठवल्या.

उतरले. इल्यास म्हणाला, आजी, कोंबड्या मरियम्बूआजी बघणार आहे ना? म्हटलं, तिला त्यांची नावं माहीत नाहीत. कुणीतरी हसलं. म्हातारा नव्हता हसला. उतरताना नारळाच्या गुळाचा डबा मात्र सीटवर राहू दिला. सागरी, चार.

मला माहीत आहे लोक काय बोलतात. म्हणतात, सनफाला तिच्या आईचं धरून बसलंय. तसं काही नाही. मी नऊ वर्षांची होते. आईचे दिवस भरले होते, आणि मालेला न्यायचं ठरलं, कारण इथल्या सुईणीने हात टेकले. शिडाची होडी. अर्ध्या वाटेत वारा पडला. पडला म्हणजे पडलाच, शीड ओल्या लुगड्यासारखं लटकलं. मी आईचे पाय धरून बसले होते, कारण मला तेवढंच सांगितलं होतं, पाय धर. दुसऱ्या दिवशी दुपारी बापाने मला म्हटलं, आता सोड. वारा आला तो संध्याकाळी. होडी वळवून आम्ही त्याच होडीतून परत आलो.

पण ती शिडाची होडी होती. आता दोन इंजिनं असतात. त्याचा ह्याच्याशी संबंध काय? बुधवारी जाणार.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

काल पोटरी ठणकत होती.

शीझाचा फोन. म्हणाली, आई, मासा नको, काप नकोत, माझ्या फ्रीजला दार लागत नाहीये. मी म्हटलं, मग मोठा फ्रीज घ्या. हसली नाही. डॉक्टर म्हणतात रक्तदाब वर गेलाय, तारखेची वाट बघता येणार नाही, दोन-तीन दिवसांत भरती व्हा. जावई रिसॉर्टवर, त्याला रजा एक तारखेपासून मिळते. म्हणाली, आई, मी एकटी आहे.

म्हटलं, शनिवारी. ह्या वेळी पक्कं. ती म्हणाली, बरं. असं बरं म्हणाली की मी फोन ठेवल्यावर थोडा वेळ तिथेच उभी होते.

शपथ घेतली नाही, शपथेची गोष्ट वेगळी. पण शनिवारी जाणार.

२५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

नमाज झाल्या झाल्या बंदरावर गेले. सगळ्यांच्या आधी. इल्यासही यायचा होता. जाळीच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर. पिशवीत माझे दोन झगे, बाळाची कुंची, शीझाच्या पायांना लावायचं तेल. पाणी इतकं स्थिर की तळाचे मासे मोजता यावेत. पांढरी रेघ शोधली. नव्हती.

मरियम्बू येऊन बाजूच्या खुर्चीत बसली. चपला दोन्ही स्वतःच्याच होत्या. माणसं चढली. इल्यासने दोर सोडायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी उठणारच होते. उठतच होते. पाय अंगातून गेल्यासारखे झाले होते, खुर्चीची जाळी पोटऱ्यांना रुतली की असं होतं.

मरियम्बू म्हणाली, सनफा, दे इकडे. पिशवी माझ्या मांडीवरून घेतली आणि बोटीत जाऊन बसली. दुसऱ्या रांगेत, खिडकीशी. तिच्याजवळ ना दुसरा झगा, ना पानाचा डबा. तिथून ओरडून म्हणाली, माझ्या कोंबड्यांची नावं विचारत बसू नकोस, नुसतं खायला घाल.

सागरी, पाच.

दुपार

विचार केला तर व्यवस्था उत्तम झाली. मरियम्बूचा हात गार आहे, तापावर चांगला. शिवाय दोन घरच्या कोंबड्या म्हणजे सतरा, कुणीतरी मागे राहायलाच हवं होतं. लोक जाणाऱ्याचं कौतुक करतात, राहणाऱ्याला किती काम पडतं ते कुणी मोजत नाही. हुस्नाला सांगणार आहे, चौथा रकाना ठेव.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

मुलगी.

काल दुपारी ऑपरेशन करून झाली. अडीच किलोला थोडी वर. शीझा बरी आहे. मरियम्बूचा फोन आला तेव्हा मागे रडणं ऐकू आलं, बारीक, दाराच्या बिजागरीसारखं. मी नात झाल्याचं सतरा कोंबड्यांना सांगितलं, मग इल्यासला, मग दुकानात, मग पुन्हा इल्यासला. त्याने दोन्ही वेळा आनंद दाखवला. गोड भात करून अकरा घरी वाटला, सगळा पायी. मोटरसायकलवर बसेन तर शप्पथ. ही एक शपथ घेतली.

मरियम्बू म्हणाली, आत नेईपर्यंत तुझंच विचारत होती. मी म्हटलं, तू होतीस ना जवळ. म्हणाली, मी होते सनफा, पाय धरून होते. पण मी तू नव्हते.

मरियम्बूला फोनवर नीट बोलता येत नाही.

७ मार्च, मंगळवार

हुस्ना आणि उंच बाप्या सांगितल्या दिवशी आले. बाप्या आज एकदाच ओकला, सवय होत चालली आहे. मी खोबऱ्यात मासा कालवून मासहुनी आणि गरम रोटी तयार ठेवली होती. मग फॉर्म पुढे केला. हवाई एक, रस्ता एक, सागरी पाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं होतं.

हुस्नाने वाचलं. म्हणाली, आजी, विमानाने कधी गेलात? म्हटलं, मी नाही, निरफणसाचे काप गेले. बाप्या हसला. हुस्ना हसली नाही, तिने चष्मा पुसला. म्हणाली, आजी, ह्यात माणसंच मोजतात. मग सागरी? म्हटलं, बरणी, मासा, उशी, गुळाचा डबा, पिशवी. पिशवीसोबत मरियम्बू होती. हुस्ना म्हणाली, मरियम्बूआजी त्यांच्या घरात मोजल्या जातील. म्हटलं, त्यांचं तर नववं घर.

तिने हलक्या हाताने रेघ मारली. हवाई शून्य. सागरी शून्य. मोटरसायकल राहिली. दोनशे पावलं.

खाली अजून एक ओळ होती, मी ती बघितलीच नव्हती. बेटाबाहेर गेला नसाल तर कारण. हुस्नाने एकेक वाचून दाखवलं. वाहन नव्हतं? इल्यास आठवड्यातून तीनदा जातो. वेळ सोयीची नव्हती? भाडं परवडत नव्हतं? शीझाने तिकीट आधीच काढलं होतं. आजार? मी पोटरी दाखवली. डाग फिका झाला होता, तिने बघितला आणि पुढे गेली. हवामान? मी समुद्राकडे बघितलं. महिनाभर एक लाट उठली नव्हती, आणि हे तीही जाणत होती, कारण बाप्याचं ओकणंसुद्धा कमी झालं होतं. गरज नव्हती?

ह्यावर मी मान हलवली. नाही. तसं लिहू नकोस.

म्हणाली, मग इतर. इथे तुम्हीच लिहा. पेन हातात दिलं. जागा बोटभर होती. माझ्या अक्षरात तिथे दोन शब्द मावतात. पेन धरून बसले. रोटी गार झाली. बाप्याने घड्याळ बघितलं, तिने त्याला कोपर मारलं.

लिहिलं: अजून निघायचंय.

हुस्नाने वाचलं, खोडलं नाही. घडी घालून पिशवीत ठेवलं. जाताना म्हणाली, सहा महिन्यांनी परत येतो आजी, तेव्हा बघू. मी म्हटलं, तेव्हा रकाने मोठे आणा.

संध्याकाळी शीझाचा फोन. आवाज दमलेला. म्हणाली, आई, तू येत नाहीस तर आम्हीच येतो. चाळीस दिवस झाले की, ईदच्या आधी, इल्यासच्या बोटीने. मरियम्बू सोबत आहेच. मी म्हटलं, एवढ्याशा पोरीला घेऊन? एप्रिलात वारा फिरतो शीझा, तुला माहीत नाही, अर्ध्या वाटेत काय होईल सांगता येत नाही. मग म्हणाली, मग तू ये.

म्हटलं, शनिवारी.

येणाऱ्यांच्या तारखा लिहून ठेवते, म्हणजे घोळ नको. हुस्ना आणि बाप्या: ७ सप्टेंबर, गुरुवार. शीझा आणि पोर: १५ एप्रिल, शनिवार. त्यांना यायची गरज पडणार नाही, त्याआधी मी जाऊन येणारच आहे. तरी लिहिलेलं असावं. १५ एप्रिल, शनिवार.