वीतभर जागेची टेस्ट

मंगळवार, १४ तारीख
सकाळचे साडेअकरा

ती. ताई,

पाया पडतो. लांबूनच, म्हणजे तुला पाय मागे घेता येणार नाहीत. आईचा गुडघा कसा आहे? माझे नवे बूट चावतात. कचेरीच्या जिन्यात मांजर व्यालीय. तीन पिल्लं, त्यातलं एक डिट्टो तुझ्यासारखं डोळे वटारतं.

मांजराचं राहू दे.

तुझ्या वॉर्डात औषधांच्या नोंदीचा नवा प्रोग्राम आलाय ना, तो आमचा. तो बाहेर जाण्याआधी शेकडो टेस्ट आपोआप चालतात. प्रत्येक टेस्ट एक तात्पुरतं फोल्डर बनवते, त्यात लिहिते, शेवटी पुसून टाकते. डिस्कवर चाळीस मिनिटं लागायची. मी ती फोल्डरं डिस्कवरून कॉम्प्युटरच्या वेगवान मेमरीत हलवली. चार मिनिटं! सगळ्यांनी पाठ थोपटली. माझी पाठ थोपटली की मी घसरतोच, तुला ठाऊक आहे.

एका टेस्टसाठी माझ्या आधीच्या माणसाने वीतभर जागेची वेगळी डिस्क बनवून ठेवली होती. ती टेस्ट सारखी लाल, म्हणजे नापास, यायची. मला वाटलं, बिचारीला जागा पुरत नाही. तिलाही मेमरीतली ऐसपैस जागा दिली. हिरवी झाली, म्हणजे पास.

ताई, जागा पुरू नये म्हणूनच ती वीतभर होती. डिस्क भरल्यावर प्रोग्राम काय करतो, हे बघायला. मला आज सकाळी कळलं.

काय करतो, ते सांगतो. नोंद साठत नाही, तरी पडद्यावर ‘झालं’ म्हणून हिरवी खूण येते. तू इंजेक्शन देतेस, खूण बघतेस, घरी जातेस. पुढच्या पाळीतलीला नोंदच दिसत नाही. ती परत देते.

आणि मशीन बसवणारा म्हणाला होता, तुमच्या वॉर्डाची डिस्क काठोकाठ भरत आलीय.

साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, “हिरवं आहे ना सगळं?”

“मी केलंय म्हणून हिरवं आहे.”

“मग सोमवारी बघू. तोवर तोंडाला कुलूप.”

तू माझा फोन उचलत नाहीस. तू लावून दिलेल्या आधीच्या नोकरीतून पळालो, तेव्हा तुझा हक्कच आहे. वॉर्डात लावला, तर “सिस्टर राउंडवर आहेत, निरोप सांगा,” म्हणाले. असला निरोप तिसऱ्याच्या हाती कसा देणार, म्हणून फोन ठेवला. म्हणून हे पत्र. आमचा ड्रायव्हर तासाभरात तुझ्या हातात देईल.

वाचलंस की तशीच मोठ्या डॉक्टरांकडे जा. आजपासून प्रत्येक डोस कागदावर लिहा. हिरव्या खुणेवर विसंबू नका. कोण म्हणालं विचारलं, तर माझं नाव सांग. बिनकामाचा भाऊ म्हणालीस तरी चालेल, पण सांग. आणि काल-परवा कुणाला दोनदा गेलंय का, ते बघ. गेलं असेल तर मलाही कळव. लपवू नकोस.

बॅग नेहमीसारखी भरून टेबलाखाली आहे. तिच्यावर पाय ठेवून बसलोय. वीतभर डिस्क परत लावली, टेस्ट लाल आली. तो लाल पडदा सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवलाय. साहेब येतोय.

या वेळी न पळालेला,
तुझा भाऊ