दुपारची गोळी

४ फेब्रुवारी, मंगळवार

राजीनामा लिहून तयार आहे. आज पाठवणारच होते, पण उत्साहरावांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं.

उत्साहराव म्हणजे आमचा नवा साहेब. नाव मी ठेवलेलं, मनातल्या मनात. माझ्या मुलाच्या वयाचा. बूट धावायचे, पण धावताना कोणी पाहिलेला नाही. त्याने पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने एका वाक्यात लिहायचं – आपण रोज इथे का येतो? शेजारच्या टेबलावरची पोरगी प्रोग्रॅम लिहिते, हुशार आहे, डबा विसरते. तिने लिहिलं, "जग बदलण्यासाठी." मी लिहिलं, "बस थेट येते म्हणून."

"मॅडम, थोडं खोलवर जाऊ या का?"

"खोलवर गेले तर वर यायला उशीर होईल."

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तुझ्या कामाचा अर्थ सोपा आहे. चुका काढणे. घरात फुकट, तिथे पगारी." मग नेहमीचंच – सोड आता, मी रिकामा, तू रिकामी, दोघं भटकू.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाठवला. महिनाअखेर शेवटचा दिवस. काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं काम करून काहीच वाटू नये, हे मात्र जरा खटकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आमचं अ‍ॅप लोकांना औषधाची आठवण करतं. "आपल्या औषधाची वेळ झाली आहे." खाली दोन बटणं – 'घेतली' आणि 'नंतर'. बाहेर जाण्याआधी सगळं तपासायचं, ते माझं काम. चाचणीसाठी बाकीचे "अबक १२३" लिहितात. मला पटत नाही. अबकमध्ये अक्षर मोडलं तर कळणार कसं? मी नीट वाक्य लिहिते. आजचं – "गोळी समोर ठेवून टीव्ही पाहिल्याने ती पोटात जात नाही. उठा."

जोडाक्षरं शाबूत. घरी आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ते वाक्य काल रात्री बाहेर गेलं. सगळ्यांना!

चाचणीच्या यंत्रणेला खऱ्या लोकांची यादी जोडलेली होती. पोरीने कशासाठी तरी जोडली आणि काढायची राहिली. सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. "काकू, मला काढतील."

"ऑफिसात काकू म्हणायचं नाही. तोंड धू."

"बरं काकू."

उत्साहरावांना सांगितलं – यादी तपासल्याशिवाय पाठवलं मी, तेव्हा बोलायचं ते मला बोला. जाणाऱ्याला शिव्या पचतात.

"ते ठीक आहे मॅडम, पण ही भाषा?"

"शुद्ध आहे. तपासून बघा."

१० फेब्रुवारी, सोमवार

उलटंच झालं. गुरुवारी रात्री जितक्या लोकांनी 'घेतली' दाबलं तितक्यांनी आजवर कधीच दाबलं नव्हतं. शुक्रवारी कंपनीने गोडगोड माफी मागितली, तर आकडा पुन्हा खाली. तक्रारपेटी भरलेली. "उठले हो, उठले." "आमच्या शाळेतल्या बाई तुमच्याकडे लागल्यात का?" एकाने नुसतं लिहिलंय, "माफी नको. त्या बाई कुठे गेल्या?"

उत्साहराव रंगात आले. "मॅडम, उरलेल्या दिवसांत तुम्हीच लिहा. अगदी मनात येईल ते."

मनात येईल ते लिहिलं तर पोलीस येतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजचे मेसेज – "डॉक्टरांनी गोळी तुम्हाला दिली आहे, ड्रॉवरला नाही." आणि "'नंतर' दाबलंत. बरं. मी इथेच बसले आहे."

रात्री जेवताना ह्यांचाही फोन वाजला. ब्लडप्रेशर निघाल्यापासून मीच त्यांना अ‍ॅप घालून दिलंय. मोठ्याने वाचून दाखवलं. "काय ही बाई! हिच्या नवऱ्याचं कसं होत असेल?" बटण दाबलं आणि आमटी वाढून घेतली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केक कापला. भिंतीवर आलेख, रेघ सरळ छताकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, बटण दाबलं म्हणजे गोळी घेतली, हे कोणी तपासलं?

टाळ्या थांबल्या. उत्साहरावांच्या हनुवटीला क्रीम होतं, ते तसंच राहिलं. "मॅडम, लोक खोटं कशाला सांगतील?"

"तुमच्या आईला फोन करून विचारा."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापळा लावला. ज्यांना फक्त सकाळची आणि रात्रीची गोळी आहे, अशांनाच आज भर दुपारी विचारलं – "दुपारची गोळी घेतली का?" बटणं दोन – 'घेतली' आणि 'मला दुपारची गोळी नाही'. कोणतंही दाबलं की लगेच पुढचा मेसेज – "तुम्हाला दुपारची गोळी नाही. आत्ता काहीही घेऊ नका." आमच्या सल्लागार डॉक्टरीणबाईंनी एकेक शब्द तपासून दिला. जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही दुष्ट आहात." बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दर पाचांतल्या दोघांनी नसलेली गोळी घेतली!

मी इतकी हसले की खुर्ची करकरली. उत्साहराव पांढरे पडले. "म्हणजे तो आलेख..."

"तो माझ्या धाकाचा आलेख आहे. गोळ्यांचा नाही."

दुपारभर पोरगी आणि मी फळ्यापाशी. ती म्हणाली, रिकाम्या पाकिटाचा फोटो मागवू. म्हटलं, गेल्या महिन्याचं पाकीट जपून ठेवतील आणि तेच रोज दाखवतील. ती म्हणाली, मग रोज वेगळा प्रश्न विचारू. त्यात जीव आहे. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला.

"काकू, तुमचा माणसांवर विश्वासच नाही."

"त्याचाच पगार घेते."

"मग जाताय कशाला?"

काकू म्हटल्याबद्दल ओरडले. इतकी माणसं माझ्या तोंडावर थापा मारतात आणि मी महिनाअखेर घरी जाऊन बसणार. शेवटची थेट बस गेली, ते कळलंही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना हे म्हणाले, "परवा तुझ्या त्या बाई दुपारच्याच मागे लागल्या. मी फोन हातात घेतला न घेतला तोच 'घेतली' दाबलं. पाठोपाठ आणखी एक आला, तो काही वाचला नाही. आहे की नाही नमुनेदार नवरा?"

"अहो, तुम्हाला दुपारची गोळी कुठाय?"

घास तोंडातच राहिला.

"रात्रीची घेता ना?"

"भाजी छान झालीय आज."

भाजी कालची होती.

उठले, त्यांचं कपाट उघडलं. मोज्यांच्या मागे पाकिटं, रबर लावून नीट रचलेली. सगळी भरलेली.

"मला काही होतच नाही गं. चक्कर नाही, काही नाही."

"मग बटण कशाला दाबता?"

"दाबलं की तू गप्प बसतेस."

ओरडले नाही. भांडी घासली. हे दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन गेले. माझ्या ओरडण्याची वाट पाहत होते, बिचारे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दवाखाना. ब्लडप्रेशर फार वर. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात." म्हणाले ह्यांना, पाहिलं माझ्याकडे. रिक्षात ह्यांनी माझी पर्स धरून ठेवली होती, दोन्ही हातांनी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ह्यांनी माझ्यासमोर गोळी गिळली. मी जीभ वर करून दाखवायला लावली. म्हणाले, "आता घरीच राहशील ना, माझ्यावर लक्ष ठेवायला?" म्हटलं, घरी राहून एकालाच धरता येईल.

ऑफिसला गेले. राजीनामा परत घेतला.