सगळी बटणं ऑन

३ मार्च, सोमवार
आजपासून नवं पर्व! कारखान्यातल्या सगळ्या मशिनी एकाच केबलवर जोडायच्या, म्हणजे ऑफिसच्या स्क्रीनवर प्रत्येकीची खबर मिळेल. साहेबांनी विचारलं, बाहेरून इंजिनिअर बोलवायचा का? मी म्हटलं, छे, मी आहे ना! जमवेल त्याला काचेची केबिन, असं साहेब म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. निदान माझ्या दिशेला.

बायको म्हणाली, भाऊजींना फोन करा, त्यांचं हे रोजचंच काम. भाऊजी म्हणजे माझे साडू.

संकल्प: साडूंना फोन करायचा नाही. मेलो तरी नाही.

४ मार्च
मॅन्युअल फारच जाड. अनुभवी माणसाला चित्रं पुरतात. तत्त्व सोपं: केबलवर एका वेळी एकानेच बोलायचं, तेही विचारल्यावर. किती सुसंस्कृत! रात्री घरी लागू केलं. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कुणी बोललं नाही. तुम्ही कुठे विचारलंत, असं बायको नंतर म्हणाली.

६ मार्च
केबल टाकून झाली. ऑफिसातून पहिल्या मशीनला, तिथून दुसरीला, असं करत शेडच्या टोकाला भंगाराशेजारच्या पंपापर्यंत. प्रत्येक कनेक्टरवर एक बारीकसं बटण. सगळी ऑफ! कंपनीवाले किती बेफिकीर. स्वतः वाकून वाकून एकूण एक ऑन केली. मॅन्युअलमध्ये या बटणावर अख्खं पान खर्ची घातलंय. काय गरज? ऑन म्हणजे ऑन.

कंबर धरली.

७ मार्च, दुपार
स्क्रीनवर पहिली मशीन दिसली!! बाकीच्या दिसत नाहीत. म्हणजे तत्त्वतः यश.

८ मार्च
संभाव्य कारणं: केबल हलक्या प्रतीची. उंदीर. दमट हवा. कुणाची तरी दृष्ट.
केबल बदलली. फरक नाही. साहेबांनी जिन्यात गाठलं, सोमवारी मालक बघायला येताहेत. म्हटलं, निश्चिंत राहा. मग जाऊन केबल पुन्हा एकदा बदलली.

९ मार्च, रविवार
बायकोने पुन्हा विचारलं, भाऊजींना लावू का फोन? नको म्हटलं. इथे कोण वाचतंय म्हणून लिहितो: भीती वाटतेय. साडूंनी येऊन दुरुस्त केलं तर सासरी जन्मभर तेच ऐकावं लागेल. आणि केबिन मला तिला दाखवायची आहे. फार दाखवायची आहे.

१० मार्च
मालक आले. पहिल्या मशीनबद्दल मी बराच वेळ बोललो. बाकीच्या कुठे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, विश्रांती घेताहेत. भिंतीपलीकडे सगळ्या धडधडत होत्या.

संध्याकाळी साहेबांनी बाहेरून इंजिनिअर बोलावलाच. दारातून साडू आत आले.

म्हणाले, बटण ऑन केलं की लाइन तिथेच संपते. पुढे कुणी नाही, असा त्याचा अर्थ. ते फक्त टोकाला ऑन ठेवायचं. तुम्ही सगळ्यांनाच शेवटचं केलंत! मधली भराभर ऑफ केली. स्क्रीन भरून गेली. वर म्हणाले, वायरिंग मात्र झकास हं. ते जास्त लागलं.

१२ मार्च
काचेच्या केबिनमध्ये साडू. साहेबांनी त्यांना नोकरीच दिली.

माझं टेबल पंपाजवळ हलवलं. इथलं बटण कुणी ऑफ करू नये म्हणून भरवशाचा माणूस हवा, असं साहेब म्हणाले. मोठी जबाबदारी आहे. बायकोलाही फोनवर तसंच सांगितलं, की अख्खी लाइन माझ्यापाशी येऊन संपते.

तिने विचारलं, आणि पुढे?

पुढे कुणी नाही.