दारातली धाबळी

सांगली, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८९६

वसंताने मोटारीच्या दाराला आतून गादी बसवून घेतली. पाटणच्या वाटेवर दार माझ्या कोपराला लागते, ही तक्रार माझीच. आज मोटार आणायला विश्रामबागेत मीही गेलो. रेक्झिन हाताला मऊ लागले, म्हणून आत काय भरले ते सहज विचारले.

कारागीर हसून म्हणाला, "आवं आप्पा, अस्सल लोकर हाय. असला माल आता मिळत न्हाई."

"ट्रंकेत जुनं घोंगडं पडलं होतं, तेच दिलं," वसंता म्हणाला.

घोंगडं! जी नेसून त्याच्या आईने जन्मभर सोवळ्यात देवाचा नैवेद्य रांधला, ती धाबळी होती. तिच्या माघारी मी तेवढीच जपली होती. पोटच्या मुलाला धाबळी आणि घोंगडे यांतला भेद कळू नये? मी शिकवले तरी काय?

"काढून देऊ का, आप्पा?" माझा चेहरा पाहून वसंता म्हणे. कातरलेले, सरसाने माखलेले काय काढणार?

लोकरीला विटाळ नसतो, हे शास्त्र मला पाठ आहे. मग जीव का जळतो?

परतताना अंग चोरून बसलो, तरी वळणावर कोपर दारावर टेकलेच. कोपराला काहीच लागले नाही.